चालत्या स्कूटरवरून बगळे, घारी, खंड्या ओळखायचे कसे? (चोडण, तिसवाडी)

पेपरवाला_तिसवाडी

नमस्कार मंडळी.

रायबंदरच्या धक्क्यावरून पहाटेची फेरी धरून मी चोडणला पेपर टाकायला जातो. पलीकडे उतरलं की लगेच सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी लागते आणि मग गावात शिरेपर्यंत रस्त्याकडेने खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन. म्हणजे लोक जिथे सुट्टी काढून पक्षी बघायला येतात ती माझी रोजची वाट आहे. पण पायाशी पेपरांचा गठ्ठा, मागे गठ्ठा, आणि मोबाइलचा कॅमेरा असा की पक्षी काढायला जावं तर ठिपका येतो.

गिऱ्हाइकांत एक आजोबा आहेत. गुडघे धरल्यापासून सकाळी बलकांवातल्या (घरापुढच्या पडवीतल्या) सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, बसून असतात. पेपर हातात घेण्याआधी विचारतात, "आज खाजनात कोण आलंय?" मी म्हणतो, "बगळे." ते म्हणतात, "कसले बगळे?" इथे आमची गाडी अडते. आजोबांचा जन्म शेतात गेलाय, त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत.

माझे घोळ असे. पांढऱ्या पक्ष्यांत गुरांच्या पायांत घुटमळणारे वेगळे आणि पाण्यात उभे राहणारे वेगळे, इतपत कळतं. पण पाण्यातल्यांतही एक लहान, एक उंच आणि एक मधलाच कोणीतरी. त्यात पावसाच्या तोंडावर गुरांमागचे अर्धे केशरी झालेले असतात, ते निराळ्या जातीचे की तेच?

दुसरं, फेरीच्या धक्क्यालगत दगडांवर एक गडद करड्या रंगाचा पक्षी असतो, बांधा बगळ्याचाच. नेटवर 'राखी बगळा' म्हणून जो दाखवतात तो बराच फिका आणि मोठा दिसतो. हा तो नव्हे असं माझं मत आहे, पण मग हा कोण?

तिसरं म्हणजे घारी. पांढऱ्या डोक्याची तांबडी घार कोणीही ओळखेल. पण पूर्ण तपकिरी असलेल्या सगळ्या एकच का? आणि चौथं, तारेवर बसलेला निळा पक्षी. त्याला एक गिऱ्हाईक नीलकंठ म्हणतं, दुसरं खंड्या म्हणतं, आणि दोघेही पैजेवर येतात.

नावं पाठ करायची माझी तयारी आहे. फक्त दोन-चार सेकंदांत नेमकं काय बघून घ्यावं ते सांगा. माहितीत सगळीकडे रंगच दिलेले असतात, आणि माझ्या वेळच्या उजेडात खाजनात सगळं एकतर पांढरं असतं नाहीतर काळं.

---

म्हापशेकर_वाटसरू

दादा, मर्लिन ॲप घ्या. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे, फुकट मिळतं. आवाज ऐकवला तरी नाव सांगतं, फोटो दिला तरी सांगतं. विषय संपला.

---

मानशीकाठ

विषय संपला कसा? फोटोत ठिपका येतो असं ते लिहितायत, आणि राहिला आवाज. बगळा शिकारीला उभा असताना तोंड उघडतो का? बकध्यान म्हणतात ते उगाच नाही. ॲप झाडीत उपयोगी आहे, बुलबुल-तांबटांच्या गलक्यात मीही लावतो. खाजनात डोळेच लागतात.

पेपरवाले भाऊ, मी शेजारच्या बेटावरचा. आमच्या घरात मानशीचा लिलाव घ्यायचा व्यवहार होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: खाजनाच्या बांधाला लाकडी दारांची मानस असते. भरती चढली की पाण्याच्या रेट्याने दार आपसूक बंद होतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. मासळीसाठी भरतीचं पाणी मुद्दाम आत पोंयीत (मानशीमागच्या खोलगट तळीत) घ्यायचं आणि ओहोटीला दाराशी लांब खोळीचं जाळं लावायचं. सुंगटं (कोळंबी), शेवटे आणि काळुंदर हे मासे त्यात येतात. लिलावाचे पैसे आम्ही भरायचे आणि पहिला घास बगळ्यांनी घ्यायचा! त्यामुळे आम्ही पक्षी ओळखायला शिकलो ते चोर म्हणून. कोण कुठे उभा राहतो, किती खोल पाण्यात शिरतो, हात उगारल्यावर किती लांब उडतो. पिसांच्या रंगाकडे बघायला सवड कोणाला होती?

म्हणून माझं म्हणणं एकच: रंग सगळ्यात शेवटी. आधी चोच, मग पाय, मग तो काय काम करतोय ते. या तीन गोष्टी जमल्या तर रंग फक्त खातरजमेपुरता लागतो. पक्ष्याचा रंग वयाप्रमाणे बदलतो, विणीच्या दिवसांत बदलतो, आणि उजेड पाठीमागे असेल तर दिसतच नाही. चोचीचा घाट आणि पायांची लांबी बारा महिने तीच असते.

आता तुमचे पांढरे.

गुरांमागचा तो गायबगळा. आखूड, जाडसर, मान खांद्यात ओढलेली, चोच पिवळी आणि बुटकी, हनुवटीखाली पिसं भरलेली. तो पाण्यात घोट्यापलीकडे क्वचितच शिरतो, कारण त्याचं लक्ष गुरांच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या धक्क्याने उडणाऱ्या किड्यांवर असतं. पावसाच्या तोंडावर डोकं, मान आणि पाठ केशरी होते, ती विणीची पिसं. जात तीच. ज्यांच्यावर केशरी चढलं नाही ते अजून विणीला आलेले नाहीत, म्हणून अर्धे-अर्धे दिसतात.

पाण्यातला लहान तो छोटा बगळा. चोच काळी आणि सुईसारखी बारीक, पाय काळे, पण पंजे पिवळे, काळ्या पायांत पिवळे मोजे घातलेत असं दिसतं. पाण्यात उभा असेल तर पंजे दिसत नाहीत, बरोबर. मग तो उडेपर्यंत थांबा: उडताना पाय शेपटीमागे लांब राहतात आणि पिवळेपणा लांबूनही कळतो. आणि थांबायचं नसेल तर त्याचं काम बघा. आमच्या मानशीच्या तोंडाशी हा एक पाय पुढे करतो आणि उथळ चिखलात तो थरथरवतो. नुसता थरथरवतो, पाऊल उचलत नाही. तळाचं सुंगट दचकून उसळलं की चोच गेलीच. मग दोन पावलं धावेल, पंख अर्धे उघडून वळेल, परत पाय थरथरवेल. एवढी धावपळ मोठे बगळे करत नाहीत. पावसाळ्यात याच्या डोक्यामागे दोन लांब पिसं लोंबतात.

सगळ्यात उंच तो मोठा बगळा. उभा राहिला तर तुमच्या कमरेला सहज लागेल. मान अंगापेक्षा लांब, आणि मध्येच मोडल्यागत कोन. खोल पाण्यात हाच उतरतो आणि मिनिटभर हलत नाही. आमचे काळुंदर यानेच खाल्ले.

मधला तो मध्यम बगळा, आणि खरं डोकं खातो तो हाच. चोच पिवळी, पण मोठ्याच्या मानाने आखूड. डोकं गोल. थंडीच्या दिवसांत बऱ्याच वेळा चोचीचं टोक काळपट असतं. मोठा की मध्यम असा वाद झालाच तर तोंडाची फट बघतात: मोठ्याची फट डोळ्याच्या मागे जाते, मध्यमाची डोळ्याखाली थांबते. स्कूटरवरून ते दिसायचं नाही, म्हणून मानेवर भर द्या. मान बघून "केवढी ही!" असं तोंडातून आलं तर मोठा. नाही आलं तर मध्यम.

एक सांभाळा. विणीच्या दिवसांत मोठ्याची आणि मध्यमाची पिवळी चोच काळी होते. त्यामुळे ऐन पावसात "काळी चोच म्हणजे छोटा बगळा" हे गणित फसतं. पंजे मात्र दोघांचे काळेच राहतात.

धक्क्यावरचा करडा: माझा अंदाज समुद्री बगळ्याचा आहे, पण आधी दोन गोष्टी बघून या. गळा-हनुवटी पांढरी आहे का? आणि पंजे पिवळट आहेत का? राखी बगळा नक्कीच नाही. राखी बगळा मोठ्या बगळ्याच्या उंचीचा, फिका, डोळ्यावरून मागे काळी पट्टी गेलेला.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, बांधावर मातीच्या रंगाचा, रेघारेघांचा, मान आखडून बसलेला जो असतो तो वंचक, कोणी ढोकरी म्हणतं. बसलेला असताना स्कूटर अंगावरून जाईपर्यंत दिसत नाही, आणि उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख. नवखे लोक त्याला दोन पक्षी समजून वहीत दोन नावं लिहितात.

---

म्हापशेकर_वाटसरू

मानशीकाठ, एक शंका. रंग शेवटी म्हणता आणि वर पिवळे पंजे, काळी चोच, पांढरी हनुवटी. हा रंग नाही तर काय हळदीकुंकू?

---

मानशीकाठ

वाटसरू, टोमणा पोचला. मी पिसाऱ्याच्या रंगाबद्दल म्हणत होतो, "पांढरा पक्षी", "तपकिरी पक्षी", ज्यावरून लोक सुरुवात करतात. पांढरा म्हणून सुरुवात केलीत तर पाच-सहा उमेदवार समोर उभे राहतात. "बारीक चोच, पाय थरथरवतो" म्हणून सुरुवात केलीत तर बहुधा एक, फार तर दोन उरतात, आणि मग पंजाचा रंग निकाल लावतो. कशाच्या आधी काय बघायचं, एवढाच आपला वाद आहे.

---

पेपरवाला_तिसवाडी

आज फेरीतून उतरल्यावर स्कूटर बाजूला लावली आणि करड्याजवळ गेलो. हनुवटी पांढरी आहे, खालपर्यंत गळ्यावर उतरलेली. दगडावर उभा होता त्यामुळे पंजे दिसले: पिवळट, वर पाय गडद. चोच मात्र काळी नाही, मळकट पिवळी-तपकिरी. आणि छोट्या बगळ्यापेक्षा जाड वाटली.

शेजारीच एक पांढरा होता, त्याचीही चोच तशीच मळकट. हा मध्यम का?

---

मानशीकाठ

करडा समुद्री बगळाच, नक्की. आणि शेजारच्या पांढऱ्याचे पंजे बघितलेत का? समुद्री बगळ्यात करडे असतात तसे पांढरेही असतात, जात एकच. पांढरा समुद्री बगळा आणि छोटा बगळा यांच्यात चोचच वेगळं करते: याची जाड, मळकट, टोकाकडे किंचित झुकलेली. पंजे पिवळट असतील तर मध्यम बाद. खाऱ्या पाण्याच्या काठाला, दगडांवर, जेटीवर हा जास्त. आत गोड्या पाण्याच्या तळ्यांवर छोटा आणि मध्यम जास्त.

आजोबांना सांगा, आज दोन रंगांचा एकच बगळा होता. बघू काय म्हणतात.

---

मालिम_जेटी

घारींचं मी सांगते. आमच्या सासरचा ट्रॉलर आहे, मालिमला मासळी उतरते तेव्हा वर आभाळ घारींनी भरलेलं असतं आणि माझं अर्धं लक्ष टोपलीवर, अर्धं वर.

भाऊ, घारीचं फक्त शेपूट बघा. रंग नको, डोकं नको. शेपटाला मध्ये खाच असेल तर ती आपली नेहमीची घार, काळी घार म्हणतात ती. शेपूट गोल असेल तर ब्राह्मणी घार, मग अंग कितीही तपकिरी असो. पांढरं डोकं आणि विटकरी अंग वयात आल्यावर येतं. पिल्लं मोठी होऊन उडायला लागतात तेव्हा तपकिरीच असतात, म्हणून तुम्हाला सगळ्या एक वाटतात. ब्राह्मणी आकाराने थोडी लहान असते, हेही लक्षात असू द्या.

यात एक मेख आहे. काळी घार शेपूट पूर्ण पसरते तेव्हा खाच जवळपास मिटते, कड सरळ दिसते. ती वळेपर्यंत थांबायचं. वळताना शेपूट एका बाजूला कलतं आणि आवळतं, तेव्हा खाच परत उघडते. घार वळायला वेळ लावत नाही, तेवढ्यात तुमची स्कूटर काही पुढे जात नाही.

खाली झेपावते तेव्हाही गंमत बघा. ब्राह्मणी घार पाण्यावरची मेलेली मासळी पंजाने अलगद उचलते, उडता उडता खाते. पाण्यात शिरत नाही. धप्पकन पाय पुढे करून पाण्यात पडणारा आणि मासा घेऊन अंग झटकत वर येणारा कोणी दिसला तर ती घार नव्हे, तो ऑस्प्रे. थंडीत येतो. खालून पांढरा, डोळ्यावरून गडद पट्टी.

आणि मांडवीच्या मुखाकडे कधी फार मोठं, खालून पांढरं, पंख वर उचलून इंग्रजी व्ही करून तरंगताना दिसलं तर तो समुद्र गरुड. शेपूट आखूड आणि पाचरीच्या घाटाचं. त्याच्या आसपास कावळे ओरडत असतातच, आधी कावळे ऐकू येतात मग तो दिसतो.

जेटीवरचे लोक सगळ्यांना "घार" म्हणून मोकळे होतात. माझा नवराही त्यातलाच.

---

साखळीची_माई

तारेवरचा निळा माझ्याकडे सोपवा. शाळेत मुलांना शिकवून शिकवून जीभ झिजली माझी.

चोच लाल आणि दांडगी असेल तर खंड्या, पैज ज्याने लावली त्याला द्या. डोकं चॉकलेटी, गळा-छाती पांढरी, पाठ निळी. पाण्याचा आणि याचा काही संबंध असलाच पाहिजे असं नाही. शाळेच्या मैदानावरच्या तारेवर बसून हा नाकतोडे आणि सरडे उचलतो. म्हणूनच लोकांना तो खंड्या वाटत नाही, कारण चित्रात खंड्या नेहमी मासा धरून असतो.

नीलकंठाची चोच काळपट. छाती तांबूस-तपकिरी. बसला की मळका दिसतो, निळा फारसा नाहीच. उडाला की पंखांत गडद आणि फिक्या निळ्याचे पट्टे उघडतात. आपल्याकडे तो पावसाळा सरल्यावर उघड्या शेतांत दिसतो. म्हणजे बसलेला असताना निळा झळकत असेल तर तो बहुधा खंड्या, आणि उडताना झळकला तर दोघांपैकी कोणीही, मग चोच बघा. मानशीकाठ म्हणतात ते इथेही लागू.

हिरवट, बारीक, शेपटीतून काडी निघालेला आणि तारेवरून सुर्रकन जाऊन परत त्याच जागी येऊन बसणारा तो वेडा राघू. त्याला लोक उगाच निळ्यांत घालतात.

चोडणला आहात तर बाकीचे खंड्याही सांगून ठेवते. चिमणीहून जरा मोठा, पाण्यावरून निळी रेघ मारत जाणारा, पोट नारिंगी, तो छोटा खंड्या. मादीची खालची चोच लालसर असते, नराची पूर्ण काळी. कावळ्याच्या जवळपास जाणारा, लाल चोचीचा, पिवळसर पोटाचा तो घोंगी खंड्या; चोच इतकी मोठी की पक्षी पुढे कलंडेल असं वाटतं. थंडीत काळ्या टोपीचा, पांढऱ्या गळपट्टीचा, तांबूस पोटाचा एक येतो, त्याला काळ्या डोक्याचा खंड्या म्हणायचं. आणि फक्त निळसर-हिरवा आणि पांढरा, दुसरा रंगच नाही असा दिसला तर फेरी चुकली तरी चालेल, थांबा. तो गळपट्टीचा खंड्या, खारफुटीतला. बाहेरगावचे पक्षीवाले चोडणला होडी करून येतात त्यात हा बघायची हौस मोठी असते.

जाता जाता माझं एक गाऱ्हाणं. मुलांना गोव्याचा राज्यपक्षी काढा म्हटलं की सगळी मुलं तुरेवाला बुलबुल काढतात. गालावर लाल ठिपका, डोक्यावर टोकदार तुरा: तो शिपाई बुलबुल, आपल्या परसातला. राज्यपक्ष्याला तुरा नसतो! अंग पिवळं, डोकं काळं, डोळा पांढुरका, गळा केशरी-लाल. तो परसात येत नाही. मोलेच्या रानात, तांबडी सुर्लाच्या वाटेवर, रानाला लागून असलेल्या कुळागरांत (माड-पोफळीच्या बागांत) बघायचा. पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही नाही. असा पक्षी आपला, आणि भिंतीवर भलत्याच बुलबुलाचं चित्र रंगवतात.

---

पेपरवाला_तिसवाडी

माई, पैज खंड्यावाल्याने जिंकली. नीलकंठवाले अजून मानत नाहीत, म्हणतात चोच लाल दिसली ती उन्हामुळे.

आजोबा "दोन रंगांचा एकच बगळा" ऐकून आधी हसले, मग म्हणाले, काळे-पांढरे एकाच घरट्याभोवती त्यांनी पाहिलेत, नाव माहीत नव्हतं एवढंच.

दोन लहान प्रश्न राहिले. तारेवर काळे पक्षी असतात त्यांचं काय? आणि कधी कधी खाजन पक्ष्यांनी भरलेलं असतं, आठवड्याने त्याच वेळेला गेलो तर चिटपाखरू नाही. कोणी हाकलतं का त्यांना?

---

साखळीची_माई

काळ्यांचं पटकन सांगते. शेपूट दुभंगलेलं असेल तर कोतवाल. तारेवर बसतो, किडा बघून झेप घेतो, घारीच्या मागेही लागतो. तसाच पण करडा, लाल डोळ्याचा, झाडांत राहणारा तो राखी कोतवाल, थंडीतला पाहुणा. शेपटीतून दोन तारा आणि टोकाला पिसाची पाती लोंबत असेल तर भृंगराज, तो कुळागरात. लाल डोळा, हिरवट चोच, शेपूट लांब पण दुभंग नाही, तो कोकिळ. तारेवर सहसा बसत नाही. विटकरी पंखांचा, जमिनीवर चालणारा तो भारद्वाज. कामाला निघताना दिसला तर आमच्याकडे शुभ मानतात, तुम्हाला तो रोज दिसत असणार. मान करडी तो गावकावळा, मानेसकट काळा आणि जाड चोचीचा तो डोमकावळा.

---

मानशीकाठ

कोणी हाकलत नाही, ती भरती-ओहोटी. चिखल उघडा पडला की सुंगटं, खेकडे, किडे हाती लागतात आणि सगळी जत्रा उतरते. पाणी चढलं की हीच मंडळी खारफुटीत जाऊन बसतात. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे तुम्ही घड्याळाने तीच वेळ पाळलीत तरी पाणी ती पाळत नाही. एका आठवड्यात त्याच वेळेला ओहोटीच्या जागी भरती येते.

आमच्याकडे मानशीचं सगळं तिथीवर चालायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भल्या पहाटे पाणी उतरलेलं असतं आणि दुपारकडे भरती. अष्टमीच्या सुमारास उलट, पहाटे पाणी चढलेलं. तिथी तुमच्याच गठ्ठ्यातल्या पेपरात छापलेली असते, फेरीत उभं राहून बघता येईल. बेताने अमावस्येच्या पुढचे-मागचे दोन-तीन दिवस थोडं लवकर निघा.

हे खाऱ्या पाण्याचं. करमळीच्या तळ्याला भरती नाही, तिथे ऋतू बघायचा. थंडीत अडई बदकांचे थवे, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या. तळं रेल्वे स्टेशनाला लागूनच आहे, गाडी थांबली तर खिडकीतूनही दिसतं.

---

म्हापशेकर_वाटसरू

आजोबांसाठी दुर्बीण घ्यायची ठरली तर कुठली? बलकांवातून खाजन दिसतं का त्यांच्या?

---

पेपरवाला_तिसवाडी

दिसतं. समोरचा एक माड मध्ये येतो, बाकी मोकळं आहे. किंमत फार नको.

---

मानशीकाठ

८ बाय ४२ मागा. ८ म्हणजे आठ पट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तेवढा उजेड जास्त, पहाटेच्या वेळेला तो लागतो. १० पटीची घ्यायचा मोह होईल, पण म्हाताऱ्या हातात ती हलते आणि पक्षी सापडत नाही. दुकानात रस्त्यापलीकडची पाटी वाचून बघा, दोन्ही डोळ्यांना एकच गोल दिसला पाहिजे. दोन गोल दिसले तर ती तिथेच ठेवा. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली वळतात का तेही बघून घ्या.

आणि तुम्ही करड्याजवळ गेलात तसे मानशीच्या बांधावर मात्र उतरू नका. ओहोटीला चिऱ्यांवर शेवाळ उघडं पडतं, आणि दाराशी पाण्याला ओढ असते.